वीतभर मातीतून वर आलेला हात

श्रावण लागला की आमच्या अंबाजोगाईत घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. आधी पोळ्याचे मातीचे बैल, मग महालक्ष्म्यांपुढच्या आरासीतली चित्रं, आणि पुढे दिवाळीत पोरांच्या किल्ल्यावरचे मावळे. जात्यावर दळणारी बाई, विहिरीवर पाणी शेंदणारी, तागडी घेऊन बसलेला वाणी, वासुदेव, बैलगाडी. सगळं बोटभर, फार तर वीतभर. वर्षभर जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेलं असलं तरी रंगाचे टवके उडतातच. कुणाचं नाक जातं, कुणाच्या डोळ्यातलं बुबुळ पुसतं. मग आम्ही तीन-चार घरच्या बायका दुपारची झाकपाक झाली की एकीच्या ओसरीवर बसतो. एक जण पांढऱ्याचा पहिला हात मारते, एक लुगड्याचे काठ काढते, आणि ज्या काकूंचा हात स्थिर आहे त्यांच्याकडे डोळे. डोळ्यांचं काम शेवटी. तोपर्यंत ते मातीचं असतं, डोळे काढले की ते आपल्याकडे बघायला लागतं.

हा छंद काही आपल्याच गल्लीतला नाही बरं का! इंग्लंड-युरोपात मोठी मोठी माणसं बोटाएवढे शिपाई रंगवतात, एकमेकांना दाखवायला जमतात, कुठला रंग कशावर चढतो याच्या गप्पा मारतात. तिथल्या नॉटिंगहॅम शहरात तर अशा चिमुकल्या मूर्तींचा मोठा उद्योगच उभा आहे. तिकडे त्याला छंद म्हणतात. आपल्याकडे त्याला म्हणतात रिकामपणाचे उद्योग.

आमच्या गल्लीत सातवीतली एक मुलगी आहे. पोळ्याचे बैल तिच्याकडून रंगवून घ्यायला पोरं रांग लावतात. बैलाच्या झुलीवर ती असं नक्षीकाम करते की बघत राहावं. पण परीक्षा जवळ आली तसे तिच्या आईने रंग उचलून कपाटात ठेवले. बाहुल्या रंगवून पुढे काय होणार, हा त्या माउलीचा प्रश्न. तो खोटा नाही. पोरीच्या भविष्याची काळजी कोणत्या आईला नसते? पण त्या प्रश्नाचं एक उत्तर कोकणातल्या एका गणपतीवाल्याच्या घरात मिळतं. तिच्या आईला सांगितलेली ती गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

अलिबागजवळ समुद्राकाठी सासवणे नावाचं गाव आहे. तिथे 2 ऑक्टोबर 1891 रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. पुढे सगळे त्यांना नानासाहेब म्हणू लागले. घरची परिस्थिती बेताची. वडील शेती बघायचे आणि हंगामात गणपती करायचे. कोकणात अशा जागेला गणपतीची शाळा म्हणतात, आणि खरोखर ती शाळाच असते. ज्या घरात गणपती होतात तिथे माती मळायला, रंग कालवायला, वाळत घातलेल्या मूर्ती पावसापासून उचलायला अख्खं घर लागतं. घरातली बाई, लहान पोर, कुणीही सुटत नाही. विनायकाच्या हाताला माती लागली ती अशी, घरच्या अंगणात. कुणी मुद्दाम शिकवायला बसलं नव्हतं.

हे पोर नुसतं मातीत रमणारं नव्हतं. कोळसा मिळो, रंग मिळो, भिंत दिसली की चित्र काढायचं. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज रंगवले. आता देवळाच्या भिंतीवर पोराने चित्र काढलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. एक तर ओरडा, नाही तर दोन दिवस कौतुक आणि नंतर चुन्याचा हात. पण झालं वेगळंच. त्या काळी तो कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. तिथले कलेक्टर होते ऑटो रॉथफील्ड. ते फिरतीवर गावात आले आणि त्यांची नजर त्या भिंतीवर पडली. साहेब थांबले. चित्र कुणाचं म्हणून चौकशी केली. गणपतीवाल्याच्या पोराचं आहे म्हटल्यावर त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला पाठवण्याची व्यवस्था केली.

मला या गोष्टीत सगळ्यात मोठं काय वाटतं, सांगू? साहेबांचं थांबणं. ती भिंत रोज शेकडो लोक बघत असतील. देवळात येणाऱ्या-जाणाऱ्यांना घोडा दिसला असेल, महाराज दिसले असतील. पण त्यामागचा हात ओळखून चौकशी करणारा एकच निघाला. तो निघाला नसता तर सासवण्यात एक चांगला गणपतीवाला झाला असता. त्यात वाईट काहीच नाही, पण पुढचं काही घडलं नसतं.

जे. जे.मध्ये विनायकाने मूर्तिकला घेतली. कोकणातल्या खेड्यातला मुलगा, मुंबईसारखं शहर, भोवती बोलणं इंग्रजी. पण माती तीच होती. बोटांना तिची भाषा येत होती. शिक्षण संपवताना त्याने तिथलं मानाचं मेयो पदक मिळवलं.

पदक मिळालं म्हणून पोट भरत नाही. पुतळे करून घेणारे लोक तेव्हा थोडे, आणि पुष्कळ जण विलायतेहून पुतळे मागवायचे. अशा वेळी दुसरं बघणारं माणूस भेटलं. ते होते सुरेंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांच्या मदतीने करमरकर थेट कलकत्त्याला गेले. तिथे त्यांनी स्टुडिओ थाटला, मोठमोठ्या माणसांचे अर्धपुतळे केले, रवींद्रनाथांचाही केला. मराठी माणूस, बंगाली मुलूख, आणि हातात गणपतीच्या शाळेतलं कसब. तिथून 1920 मध्ये ते लंडनला गेले, रॉयल अकॅडमीत शिकले. परत आल्यावर आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यांच्या वाट्याला आलं.

पुण्यात शिवाजी महाराजांचं स्मारक व्हावं म्हणून कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मोठी धडपड केली होती. 1921 मध्ये पायाभरणी झाली, आणि पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले. त्यांच्यामागे राजाराम महाराजांनी ते काम तडीस नेलं. त्या स्मारकासाठी घोड्यावर बसलेल्या महाराजांचा पुतळा केला करमरकरांनी. उंची सुमारे साडेतेरा फूट, वजन सुमारे आठ टन, सगळा ब्राँझचा आणि एकसंध ओतलेला. मुंबईत तयार झालेला हा पुतळा 1928 मध्ये पुण्यात उभा राहिला. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही आहे. पुण्याला गेलात तर मुद्दाम बघा. घोड्याचा उचललेला पाय, मानेचा बाक, आणि त्यावरची ती शांत, ताठ बैठक.

आता जरा मनात जुळवून बघा. देवळाच्या भिंतीवर ज्या पोराने घोड्यावरचे महाराज काढले, त्याच हाताने मोठेपणी घोड्यावरचे महाराज ब्राँझमध्ये उभे केले. आणखी एक गंमत सांगते. कुठलाही मोठा पुतळा एकदम मोठा होत नाही. शिल्पकार आधी छोटा नमुना करतो, हातात मावेल असा. तोल तिथे बघायचा, चेहऱ्याचा भाव तिथे ठरवायचा, कापडाच्या चुण्या तिथे पाडायच्या. मग मापं घेऊन तो वाढवत न्यायचा. म्हणजे साडेतेरा फुटी पुतळ्याच्या मुळाशीसुद्धा एक छोटीशी मूर्तीच असते. आपली पोरं किल्ल्यावर महाराज ठेवतात, तेवढीशी.

एवढं नाव झाल्यावर माणूस काय करेल? मोठ्यांचे पुतळे करील, मानाने शहरात राहील. करमरकरांनी पुतळे केलेच, कारण घर त्यावर चालायचं. पण त्यांनी सासवणं सोडलं नाही. गावी घर आणि स्टुडिओ ठेवला आणि तिथे बसून मनासारखं काम केलं. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे दिलेले नाहीत, असं काम. त्या कामात राजे नाहीत, पुढारी नाहीत. मासळी घेऊन बसलेली कोळीण आहे, तिचं नाव त्यांनी मत्स्यगंधा ठेवलं. शंख फुंकणारा आहे, त्याचं नाव शंखध्वनी. गावातली कष्टाची माणसं आहेत, बायका आहेत, जनावरं आहेत. ब्राँझ परवडायचं नाही तिथे सिमेंट वापरलं. साधं, घर बांधायचं सिमेंट! त्यातून त्यांनी त्वचेचा मऊपणा आणि कापडाचा झोळ काढून दाखवला.

मला इथे आपली आरास आठवते. महालक्ष्म्यांपुढे आपण काय मांडतो? दळणारी, कांडणारी, पाणी भरणारी बाई. गाय, वासरू, बैलगाडी. लक्ष्मी घरी आली की तिला आपण आपला रोजचा संसार दाखवतो. आमच्या आज्यांनी हे कुठल्या शाळेत शिकलं नव्हतं, पण जग हिंडून आलेला एवढा मोठा शिल्पकारही शेवटी तिथेच येऊन बसला. त्यालाही मांडावीशी वाटली ती अंगणातली माणसंच.

नानासाहेबांना पुढे पद्मश्री मिळाली. 13 जून 1967 रोजी ते गेले. त्यांच्यामागे त्या शिल्पांचं काय होणार, हा प्रश्न होताच. आपल्याकडे कलावंत गेला की त्याचं काम अडगळीत जातं, जागा अडते म्हणून विकलं जातं. पण त्यांच्या घरच्यांनी तसं होऊ दिलं नाही. सूनबाईंनी तर शिल्पं पोटच्या लेकरासारखी जपली. सासवण्याच्या त्या घराचं करमरकर शिल्पालय झालं. शंभरावर शिल्पं तिथे आहेत. मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याची लाँच घेतली की पुढे रस्त्याने सासवणं जवळच आहे. अंगणात सिमेंटची म्हैस आहे. नवखा माणूस क्षणभर फसतो, इतकी ती जिवंत वाटते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एखादा करमरकर होतो, सगळेच थोडे होतात? खरंय. आणि सगळ्यांनी व्हावं असं माझं म्हणणंही नाही. पण त्यांच्या आयुष्यात तीन ठिकाणी तीन माणसं भेटली. पोराला मातीत हात घालू देणारं घर, भिंतीपाशी थांबणारा कलेक्टर, आणि परमुलखात बोलावणारे टागोर. यातलं एक जरी गळलं असतं तर साखळी तुटली असती. आपल्या मुलींच्या बाबतीत पहिलीच कडी बऱ्याचदा जुळत नाही. मुलाने भिंतीवर चित्र काढलं तर निदान खोडकर म्हणून कौतुक होतं. मुलीने काढलं की तिच्या हातात आधी झाडू देतात. त्याच काळात ज्या मुलींना घरातच बघणारं माणूस मिळालं, त्या पुढे गेल्याही. चित्रकार धुरंधरांची लेक अंबिका धुरंधर 1931 साली जे. जे.ची पदविका घेऊन बाहेर पडली. बापच चित्रकार, म्हणून जमलं. ज्यांचा बाप शेतकरी, मास्तर किंवा दुकानदार, त्यांचं काय?

आज त्यासाठी कलेक्टर साहेबांच्या फिरतीची वाट बघायला नको. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा होतात. फी फार नसते, दहावीला वाढीव गुणांचा फायदाही होतो. म्हणजे अभ्यास बुडतो ही तक्रारही उरत नाही. मुंबई लांब वाटत असेल तर आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला, सरकारी कला महाविद्यालय आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना एकदा भेटून विचारा. एवढं तर आपण करू शकतो ना?

आणि परीक्षा नाही द्यायची, नुसतं हौसेने रंगवायचं, तरीही ते काम कमी नाही. बोटभर बाईच्या लुगड्याला काठ काढायला श्वास रोखावा लागतो. सिरिंजच्या सुईएवढ्या कुंचल्याने दोन डोळे सारखे काढायला वर्षं जातात. हे कसब आहे. ते बायकांच्या हातात आहे म्हणून त्याला नाव नाही, एवढंच. गणपतीच्या शाळांमधून किती बायकांनी किती मूर्ती रंगवल्या असतील, त्यांची नावं कुठल्या मूर्तीखाली लिहिली गेली? निदान आपण आपल्या पेटीत एक चिठ्ठी टाकू या. हे बैल कुणी रंगवले, ही दळणारी बाई कुणी, कोणत्या साली. पुढच्या पिढीला नावं तरी कळतील.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेलात तर आरास छान आहे म्हणून पुढे सरकू नका. जरा वाका, जवळून बघा, आणि हे कुणी रंगवलं म्हणून विचारा. आतून एखादी परकरी पोर लाजत पुढे आली, तर तिचं नाव लक्षात ठेवा आणि तिच्या आईशी दोन शब्द बोला. सासवण्याच्या देवळापाशी एक माणूस थांबला, तेवढ्याने एक आयुष्य बदललं. थांबायला आपल्याला पैसा लागत नाही.