ड्रॅगन मारायचा नाही, त्याच्या फण्यावर नाचायचं : दादासाहेब फाळकेंच्या कालियाची गोष्ट

ड्रॅगनवाले गेम खेळणाऱ्यांना हा हिशोब पाठ असतो. ड्रॅगन पडला की खवल्यांचं चिलखत, दातांचा खंजीर, रक्ताचं औषध. काहीच वाया घालवायचं नाही. ज्या गेमने हे वेड लावलं तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत आला १९७४ साली. त्याच्या ५५ वर्षं आधी नाशिकच्या एका माणसाने अख्खा महासर्प असाच कामाला लावला होता. तेही त्याला जिवंत ठेवून.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जेजे स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन झाल्यावर त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगने बायको आणि मूल नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालवला. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करायचे, प्रोफेसर केळफा या नावाने. (फाळके उलटं वाचा.)

मुंबईत येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला आणि गडी झपाटला. इतके सिनेमे बघितले की काही काळ डोळ्यांना दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, कॅमेरा आणला. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर फाळकेंनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं.

आणि १९१९ ला आला 'कालिया मर्दन'. कृष्ण कोण, तर फाळकेंची स्वतःची लहानगी मुलगी मंदाकिनी! सिनेमाच्या सुरुवातीला ती साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर तऱ्हेतऱ्हेचे हावभाव करून दाखवते आणि बघता बघता तिचाच कृष्ण होतो. आता बोला, प्रोफेसर केळफा कुठे गेले होते?

खरी मजा यमुनेत. पाण्याखाली झटापट चालते तेव्हा नागाचा विळखा हे त्याचं हत्यार असतं. पण कृष्ण वर येतो तो फण्यावर उभा राहून. ज्या अवयवाची सगळ्यांना भीती, त्याचाच रंगमंच झाला. पुराणातही कालियाला मारत नाहीत, यमुना सोडून जायला सांगतात. कृष्णाच्या पावलांची खूण फण्यावर असल्यामुळे गरुडही त्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे इथे चिलखत ड्रॅगनलाच मिळालं.

फाळकेंना मात्र असं चिलखत मिळालं नाही. भागीदारांशी बिनसलं, ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं. परत आले, पण तोवर हवा बदलत चालली होती. मग बोलपटांचा जमाना आला आणि १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज नाहीतच. 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण मिळत नाही. 'कालिया मर्दन'चा मोठा भाग मात्र वाचला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो जपलाय, आणि त्यात मंदाकिनी अजून फण्यावर उभी आहे.