सांत क्षेत्रांचे जनक एव्हारीस्त गाल्वा

फ्रेंच गणितज्ञ एव्हारीस्त गाल्वा यांचे नाव निघाले की द्वंद्वयुद्ध, तुरुंगवास आणि हरवलेले हस्तलिखित यांचीच चर्चा अधिक होते. मात्र त्यांच्या हयातीत छापल्या गेलेल्या एका छोट्या निबंधावर आजचे अनेक दैनंदिन व्यवहार उभे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गाल्वा यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळील बूर-ला-रेन येथे झाला. १८२३ मध्ये ते पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात दाखल झाले आणि तेथेच त्यांना गणिताचा ध्यास लागला. जुलै १८२९ मध्ये त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर काही दिवसांतच एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेची प्रवेश परीक्षा त्यांनी दुसऱ्यांदा दिली व तीतही त्यांना अपयश आले.

जून १८३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा संख्या सिद्धांतावरील निबंध प्रसिद्ध झाला. आठवड्याच्या वारांप्रमाणे सातानंतर पुन्हा आरंभी येणाऱ्या गणनेत ५ आणि ४ यांची बेरीज २ होते. सात ही अविभाज्य संख्या असल्याने या गणनेत शून्य वगळता कोणत्याही संख्येने भागाकारही करता येतो. अशा मर्यादित संख्यांच्या व्यवस्थेला सांत क्षेत्र म्हणतात. ज्या समीकरणांना या व्यवस्थेत उत्तर नाही, त्यांच्यासाठी नवे काल्पनिक चिन्ह योजून अविभाज्य संख्येच्या कोणत्याही घाताइतक्या घटकांचे क्षेत्र रचता येते, हे गाल्वा यांनी दाखवले. ४, ९ किंवा २५६ घटकांची क्षेत्रे अशीच तयार होतात.

समीकरणांच्या उकलीविषयीच्या त्यांच्या मुख्य प्रबंधाच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. १८३० मध्ये विज्ञान अकादमीकडे पाठवलेली प्रत फूर्ये यांच्याकडे गेली. मे महिन्यात फूर्ये निवर्तले आणि ती प्रत सापडली नाही. पुन्हा सादर केलेला प्रबंध १८३१ मध्ये प्वासाँ यांनी अस्पष्ट ठरवला. प्रजासत्ताकवादी गाल्वा त्याच वर्षी जुलैमध्ये तुरुंगात गेले. ३० मे १८३२ रोजी द्वंद्वयुद्धात त्यांना गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी, विसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आदल्या रात्री त्यांनी मित्र शव्हाल्ये यांना आपल्या कार्याचा आढावा पत्राने कळवला. सारे संशोधन त्या एका रात्रीत लिहिले गेले, ही आख्यायिका खरी नाही. त्यातील बरेचसे आधीच सिद्ध झाले होते. ल्यूव्हील यांनी १८४६ मध्ये हे लेखन प्रसिद्ध केले.

सांत क्षेत्रांचे महत्त्व संगणकयुगात प्रत्ययास आले. एखाद्या बहुपदीच्या काही किमतींवरून मूळ बहुपदी शोधून काढण्याला अंतर्वेशन म्हणतात. बहुपदीचा घात १०० असेल, तर सर्वसाधारणपणे १०१ किमती लागतात. परंतु तीत तीनहून अधिक पदे नाहीत हे आधी माहीत असेल आणि क्षेत्र पुरेसे मोठे असेल, तर त्यातील एका योग्य घटकाचे क्रमाने येणारे घात घेऊन मिळवलेल्या अवघ्या सहा किमती पुरतात. अशा विरळ बहुपदींसाठी बेन-ऑर आणि तिवारी यांनी १९८८ मध्ये मांडलेली रीत विख्यात आहे.

क्यूआर कोडचा काही भाग फाटला वा मळला, तरी तो वाचता येतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. त्यातील माहिती २५६ घटकांच्या क्षेत्रात मांडलेली असते. चुका थोड्या असल्या की त्यांची स्थाने शोधण्याचे गणित विरळ बहुपदीतील पदे शोधण्याच्या गणितासारखेच ठरते. सांत क्षेत्रांना आज गाल्वा क्षेत्रे असेही म्हटले जाते. ज्या तरुणाला परीक्षकांनी दोनदा नाकारले, त्याचे नाव अशा रीतीने गणिताच्या परिभाषेत कायमचे रुजले आहे.