निळ्या फुलपाखरांच्या मागे

माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की तारांबळ उडते. पण व्लादिमीर नाबोकोव्ह रशियन असून इंग्रजीत लिहून जगप्रसिद्ध झाले, मग मी आपल्याच भाषेला का घाबरू?

त्यांचा जन्म १८९९ सालचा, सेंट पीटर्सबर्गच्या श्रीमंत घरातला. लहानपणीच फुलपाखरांचं वेड लागलं. क्रांतीनंतर १९१९ मध्ये देश सुटला. १९२२ मध्ये बर्लिनमध्ये वडिलांचा गोळ्या घालून खून झाला. १९४० मध्ये नाझी पॅरिसच्या दिशेने सरकत होते, तेव्हा बायको-मुलासह अमेरिका गाठावी लागली. घर गेलं, पैसा गेला. वेड तेवढं राहिलं!

हार्वर्डच्या म्युझियममध्ये ते इवलीशी निळी फुलपाखरं तासन्‌तास मायक्रोस्कोपखाली तपासायचे. उन्हाळ्यात पत्नी व्हेरा गाडी चालवायच्या (यांना ड्रायव्हिंग कधी जमलंच नाही!) आणि हे जाळी घेऊन रॉकी पर्वतात. डोंगर चढत गेलं की गारवा वाढतो, झाडं बदलतात, अळ्यांचं खाणं बदलतं, म्हणून फुलपाखरंही बदलतात. म्हणजे कोणतं फुलपाखरू हवं ते ठरलं, की किती उंच चढायचं तेही ठरतं. म्युझियममधल्या जुन्या नरांवरून त्यांनी १९४९ साली एका निळ्या प्रकाराला नाव दिलं होतं. मादी कोणी पाहिलीच नव्हती. १९५१ मध्ये कोलोरॅडोतल्या टेल्युराइडजवळ, १०,००० फुटांच्याही वर, ती त्यांना सापडली.

पण खरी गंमत पुढेच आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतली निळी फुलपाखरं आशियातून, बेरिंगच्या वाटेने, पाच लाटांमध्ये आली असावीत, असं त्यांनी १९४५ साली मांडलं होतं. कादंबरीकाराचा छंद म्हणून ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९७७ मध्ये ते गेले. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला, आणि लाटा निघाल्या बरोब्बर पाच! आधी आलेल्या उबेतल्या, नंतरच्या थंडी सोसणाऱ्या. बेरिंगचं हवामान जसं गार होत गेलं, अगदी तसंच.

मी रविवारी सिंहगडावर जाते, तेव्हा घरी एकच प्रश्न असतो, याचे मार्क मिळणार आहेत का? नाही मिळणार. पण पायथ्याशी दिसलेलं फुलपाखरू माथ्यावर दिसतं का, हे मी आता वहीत लिहून ठेवते. सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा!