सर हंफ्री डेव्ही : धातुरक्षणाचा आद्य उपासक

दमट व खाऱ्या हवेत विमानाचे धातूचे भाग क्षरणापासून कसे राखावेत, हा मोठा बिकट प्रश्न. त्याचे एक उत्तर विमाने निघण्यापूर्वी कित्येक वर्षे सर हंफ्री डेव्ही यांनी शोधून ठेवले होते. त्यांचे चरित्र ज्ञातीतील विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडातील पेन्झान्स गावी १७ डिसेंबर १७७८ रोजी डेव्ही जन्मले. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ साली पितृछत्र हरपले आणि पुढील वर्षी या मुलाने एका वैद्याकडे उमेदवारी पत्करली. विश्वविद्यालयाची पायरी त्यांनी चढली नाही. तथापि १८०७ साली विजेच्या साहाय्याने त्यांनी पोटॅशियम व सोडियम हे धातू वेगळे केले. १८१५ साली खाणकामगारांसाठी सुरक्षादीप सिद्ध केला व त्याचे पेटंट घेतले नाही. १८२० साली ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

त्या काळी लाकडी जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकीत. समुद्राच्या पाण्याने ते झिजत. आरमाराने डेव्हींचा सल्ला घेतला. तांब्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडल्यास तो तुकडा स्वतः झिजतो आणि तांबे वाचते, असे त्यांनी १८२४ साली दाखविले. प्रत्यक्ष जहाजांवर तांबे वाचले खरे. परंतु त्यावर शेवाळ व शिंपले चिकटून जहाजे मंदावली! तांब्याचे किंचित विरघळणेच या जीवांना दूर ठेवीत होते. आरमाराने योजना सोडून दिली. डेव्हींवर टीकेचा भडिमार झाला. पुढे प्रकृती ढासळली आणि २९ मे १८२९ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे देहावसान झाले.

तत्त्व मात्र खोटे ठरले नाही. विमानासाठी तांबेमिश्रित ॲल्युमिनियमचा पत्रा बळकट खरा, पण ओलाव्यात लवकर खराब होणारा. म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवू लागले. ओरखडा पडला तरी तो थर आधी स्वतः झिजतो आणि आतील पत्रा राखतो. पोलादी भागांवरील कॅडमियमचा मुलामाही याच रीतीने काम करतो.

परीक्षेत एकदा अपयश आले म्हणून खचलेली मुले आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांच्या पालकांनी हे चरित्र त्यांस अवश्य वाचून दाखवावे, एवढीच आमची विनंती.