रिमोटच्या हेलिकॉप्टरवरचे दिवे आणि निकोला टेस्ला यांची होडी



दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी मी माझं रिमोटवर उडणारं स्केल हेलिकॉप्टर पाडलं. स्केल म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टरची हुबेहूब छोटी प्रतिकृती. बॅटरी फुल होती, मोटर ठणठणीत होती, वाराही नव्हता. पण ऊन उतरल्यावर आकाशात नुसती काळी आकृती दिसत होती. मला वाटलं शेपूट माझ्याकडे आहे. खरं तर नाक माझ्याकडे होतं. डावीकडे न्यायला गेलो तर ते उजवीकडे गेलं. घाबरून स्टिक आणखी दाबली आणि संपलंच. मुख्य पाती, टेल बूम आणि तीन महिन्यांचा पॉकेटमनी, सगळं एकदम गेलं.

दुरुस्तीला बसलो तेव्हा ठरवलं, आता बाहेरचे दिवे लावायचेच. शोभेला नाही, दिशा कळावी म्हणून. वायरी सोल्डर करता करता एक प्रश्न डोक्यात आला: हे दुरून रेडिओने चालवणं सुरू कुणी केलं? शोधत गेलो आणि पोचलो निकोला टेस्ला यांच्यापाशी. गंमत म्हणजे त्यांच्या त्या होडीवरसुद्धा दिवे होते!

आधी मोटर

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावातला. घर सर्बियन, वडील चर्चमध्ये धर्मगुरू. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत मित्राबरोबर फिरताना त्यांना फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली. गुंडाळ्यांमधून एकामागून एक वीज सोडली तर चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि मधला भाग त्याच्यामागे फिरतो. ब्रश लागत नाही, ठिणग्या उडत नाहीत.

१८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. एडिसन यांच्या कंपनीत काही महिने काम केलं आणि सोडलं. पुढे असे दिवस आले की पोटासाठी खड्डे खणायचं काम करावं लागलं. मग १८८८ मध्ये मोटरची पेटंटं मिळाली, वेस्टिंगहाऊस यांनी ती घेतली आणि १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन एसी विजेवर उजळलं.

आता माझ्या हेलिकॉप्टरची ब्रशलेस मोटर बघा. तिला तीन वायरी असतात आणि स्पीड कंट्रोलर त्यांना आळीपाळीने वीज देतो. रचना टेस्ला यांच्या मोटरपेक्षा वेगळी आहे, पण तत्त्व तेच: फिरतं चुंबकीय क्षेत्र.

मग होडी

१३ मार्च १८९५ ला न्यूयॉर्कमधली त्यांची प्रयोगशाळा जळून खाक झाली. उपकरणं, कागद, वर्षानुवर्षांची मेहनत, सगळं गेलं. माझं एक हेलिकॉप्टर पडलं तर मी आठवडाभर कुणाशी धड बोललो नाही. टेस्ला यांनी नवी प्रयोगशाळा थाटली आणि तीनच वर्षांत, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक लोखंडी होडी चालवून दाखवली. होडीला एकही तार जोडलेली नव्हती.

आत काय होतं? रिसीव्हरच्या जागी धातूच्या कणांची एक नळी. रेडिओ लहर आली की ते कण वीज वाहू देत. मग नळी फिरून कण पुन्हा मोकळे होत, म्हणजे पुढच्या सिग्नलला तयार. प्रत्येक सिग्नलला आतली यंत्रणा एक पाऊल पुढे सरके आणि त्यावरून सुकाणू, मोटर, दिवे चालत. लोक होडीला प्रश्न विचारत आणि ती खुणांनी उत्तर देई. उत्तरं अर्थातच टेस्ला देत होते, पण बघणाऱ्यांना ती जादू वाटली. ८ नोव्हेंबर १८९८ ला पेटंट मिळालं. विकत घेणारं मात्र कुणी पुढे आलं नाही.

मला त्या दिव्यांचं महत्त्व आता कळलं. रिमोटवरून आपण हुकूम देतो. यंत्राकडून परत काय येतं? दिवा म्हणजे यंत्राने आपल्याला दिलेलं उत्तर.

आता आपले दिवे

पायलटच्या डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा, शेपटीला पांढरा. खऱ्या हेलिकॉप्टरवर असंच असतं. म्हणून लक्षात ठेवा:

- लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे दिसला: हेलिकॉप्टरची पाठ तुमच्याकडे.
- हिरवा डावीकडे, लाल उजवीकडे: नाक तुमच्याकडे, स्टिक उलटी वाटणार!
- फक्त लाल: नाक तुमच्या डावीकडे. फक्त हिरवा: उजवीकडे.

रिसीव्हरकडून ५ व्होल्ट मिळत असतील तर लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेते. उरले ३ व्होल्ट. १५ मिलिअँपिअर करंट हवा तर ३ भागिले ०.०१५, म्हणजे २०० ओहमचा रेझिस्टर. पांढरी आणि हिरवी एलईडी बहुधा ३ व्होल्टच्या आसपास घेते, तिथे १५० ओहम चालतो. प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर द्या.

पोटाखालचा लाल बीकन खऱ्या हेलिकॉप्टरवर मिनिटाला ४० ते १०० वेळा लुकलुकतो. मी ६० ठेवलाय. लँडिंग लाइट रिकाम्या चॅनलवर जोडलाय, स्विच दाबला की लागतो. वायरी अँटेनापासून लांब ठेवा. शेपटीकडे चार ग्रॅम वाढले तरी तोल बदलतो, म्हणून शेवटी बॅटरी थोडी पुढे सरकवा.

आणि शेवटी हेलिकॉप्टर

पुढे टेस्ला यांचे दिवस फिरले. बिनतारी संदेशांसाठी वॉर्डनक्लिफला बांधायला घेतलेला मनोरा पैशांअभावी अर्धवट राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. तरी ३ जानेवारी १९२८ ला, ७१ व्या वर्षी, त्यांना आणखी एक पेटंट मिळालं: सरळ वर उठणारं आणि मग आडवं होऊन विमानासारखं उडणारं यंत्र. ते बांधायला पैसेच नव्हते, कागदावरच राहिलं. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्करच्या हॉटेलातल्या ३३२७ नंबरच्या खोलीत ते एकटेच गेले.

मोटर, रेडिओ कंट्रोल, सरळ वर उठणारं यंत्र. माझ्या टेबलावरच्या एका खेळण्यात त्यांची ही तिन्ही स्वप्नं एकत्र आहेत.

गेल्या रविवारी, उजेड असतानाच, दिवे लावून पुन्हा उडवलं. मैदानाच्या टोकाला वळल्यावर डावीकडे हिरवा, उजवीकडे लाल दिसला. म्हणजे नाक माझ्याकडे. या वेळी घाबरलो नाही. स्टिक हळूच उलट्या बाजूला नेली आणि ते सरळ माझ्यासमोर येऊन उतरलं.