शाळेच्या पाटीमागचा माणूस : वसंतराव नाईक

1 जुलै आठवतो ना? शाळा उघडून जेमतेम आठवडा झालेला असायचा. नवी पुस्तके यायची असत, पावसाने पटांगणात चिखल झालेला असे. त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीतली तसबीर व्हरांड्यातल्या टेबलावर यायची. आम्ही मुली झेंडूचा नाहीतर कण्हेरीचा हार करायचो, तुम्ही मुले कुंपणाच्या कडेने खड्डे खणायचात. उदबत्ती, दोन भाषणे, मग कडुनिंबाची रोपे. कृषिदिन! आठवीत असताना ते भाषण माझ्याकडे आले होते. जन्म 1913, गाव गहुली, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, हरितक्रांती. चार ओळी घडाघडा म्हणून मी खाली बसले. वसंतराव नाईकांबद्दल मला पुढची वीस-पंचवीस वर्षे तेवढेच माहीत होते.

या मेळाव्याच्या तयारीत ते बदलले. शाळेचे छप्पर दुरुस्त करून द्यायचे आपण ठरवले, तेव्हा ग्रुपवर पहिला प्रश्न आला की परवानगी कोणाची घ्यायची? कोणी म्हणाले आमदारांना भेटू, कोणी म्हणाले मुंबईला मंत्रालयात अर्ज करू. गावातच राहिलेल्या आपल्या एका वर्गमित्राने सगळ्यांना गप्प केले. शाळा जिल्हा परिषदेची आहे, पंचायत समितीत अर्ज द्यायचा, निर्णय यवतमाळला होईल, मुंबईचे तिकीट काढायची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. हे असे का, कोणी ठरवले, म्हणून मी शोधत गेले आणि पुन्हा त्याच तसबिरीपाशी येऊन पोहोचले. स्मरणिका समितीने जिल्ह्यातील एका मोठ्या व्यक्तीवर लिहायला सांगितल्यावर दुसरे नाव मनात आलेच नाही.

वसंतरावांचा जन्म 1 जुलै 1913 रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात झाला. वडिलांचे नाव फुलसिंग, आईचे हुणकीबाई. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. भांडण सोडवायचे, सोयरिकी जुळवायच्या, बाहेरच्या जगाशी बोलायचे ते नाईकाने. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर त्याचा धंदा बसला आणि तांडे शेतीकडे वळले. अशा घरातला मुलगा आसपासच्या गावांत प्राथमिक शाळा शिकला, पुढे नागपूरला नील सिटी हायस्कूल, मॉरिस कॉलेज आणि मग वकिलीची पदवी इथपर्यंत गेला. आपल्यापैकी जे तांड्यावरून पायी शाळेत येत, त्यांना त्या अंतराचा अर्थ मी सांगायला नको.

वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली केली. 1941 मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा. दोन्हीकडून विरोध झाला. दोघेही ठाम राहिले आणि पुसदला येऊन संसार थाटला. वत्सलाबाई पुढे सार्वजनिक कामात त्यांच्या बरोबरीने वावरल्या.

1946 मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीची ही पहिली पायरी, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. नगरपालिका म्हणजे नळ, नाल्या, दिवे, बाजार. पाणी आले नाही तर माणूस थेट अध्यक्षाच्या दारात उभा राहतो, तिथे कोणाकडे बोट दाखवता येत नाही. सहा वर्षे हे केल्यावर 1952 मध्ये ते पुसदमधून आमदार झाले. तेव्हा आपला विदर्भ मध्य प्रदेशात होता. रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तिथे त्यांनी सहकार आणि कृषी ही खाती सांभाळली. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तेव्हा यशवंतराव चव्हाणांनी त्यांना महसूल मंत्री केले.

आणि इथे आपल्या शाळेची पाटी येते. नवे राज्य तीन तुकडे जोडून झाले होते. पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्ड, विदर्भात जनपद सभा, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानापासून चालत आलेली वेगळीच पद्धत. ग्रामीण भागाचा कारभार सगळीकडे एकसारखा कसा करायचा आणि तो लोकांच्या हाती कसा द्यायचा, हे ठरवण्यासाठी जून 1960 मध्ये वसंतरावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च 1961 मध्ये तिने अहवाल दिला, 226 शिफारशींचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोणतेही काम सुरू करण्याआधी गरजांची यादी करतो. ही तशीच यादी, फक्त एका अख्ख्या राज्याची.

त्याआधी केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीच्या समितीवर भर दिला होता. जिल्ह्याच्या संस्थेने फक्त सल्ला द्यावा आणि तिचे अध्यक्षपद कलेक्टरकडे असावे, असे तिचे मत होते. नाईक समितीने हे उलटे केले. खरा अधिकार, पैसा आणि नोकरवर्ग जिल्हा परिषदेकडे द्या. अध्यक्ष लोकांनी निवडलेल्या सदस्यांतून असू द्या. कलेक्टरला परिषदेच्या बाहेर ठेवा, आणि कारभार राबवण्यासाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी द्या. आमदार-खासदारही परिषदेत नकोत, नाहीतर स्थानिक पुढारी कधी मोठे होणार नाहीत. एका महसूल मंत्र्याने कलेक्टरचा, म्हणजे आपल्याच खात्याच्या सर्वात वजनदार अधिकाऱ्याचा, अधिकार कमी करायची शिफारस करावी, हे मला विशेष वाटते. पुसदच्या नगराध्यक्षाचा अनुभव तिथे कामी आला असावा, असा माझा अंदाज आहे.

1961 मध्ये कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शिक्षण, आरोग्य केंद्रे, गावचे रस्ते, लहान तलाव, जनावरांचे दवाखाने, शेती विस्तार ही सगळी कामे त्यांच्याकडे आली. आपल्या गुरुजींच्या नेमणुका, बदल्या, पगार याच परिषदेतून झाले. खेड्यापाड्यातून नवे पुढारी याच पायरीवरून वर आले. संपूर्ण देशासाठी घटनेत अशी तरतूद व्हायला 1992 ची 73 वी दुरुस्ती यावी लागली. महाराष्ट्र तीस वर्षे पुढे होता.

नोव्हेंबर 1963 मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचे निधन झाले आणि 5 डिसेंबरला वसंतराव मुख्यमंत्री झाले. 20 फेब्रुवारी 1975 पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ ते त्या पदावर होते. एवढा काळ राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर दुसरे कोणी राहिलेले नाही. या काळात 1967 चा कोयनेचा भूकंप झाला. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. ओठांत पाइप धरणारा हा मुख्यमंत्री शेताच्या बांधावर गेला की शेतकऱ्यांशी बियाण्यांवर तासन्‌तास बोलत असे. संकरित ज्वारी घराघरांत पोहोचावी म्हणून त्यांनी आपले सगळे वजन खर्च केले. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, इथवर ते जाहीरपणे बोलून गेले होते.

मग 1972 चा दुष्काळ आला. आपल्या आई-वडिलांनी खडी फोडण्याच्या, सुकडीच्या आणि लाल मिलो ज्वारीच्या गोष्टी सांगितल्या, तो हाच. स्वयंपूर्णतेचे स्वप्न पाहणाऱ्या मुख्यमंत्र्याला परदेशी ज्वारी वाटावी लागली. पण सरकारने हातावर हात ठेवले नाहीत. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते अशी कामे झाली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्याने स्वीकारली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये केंद्राने तसाच कायदा देशासाठी केला.

सगळे गोडच लिहिले तर आपले इतिहासाचे सर मला माफ करणार नाहीत. मुंबईत शिवसेना वाढत असताना वसंतराव तिच्याशी नरमाईने वागले, अशी टीका तेव्हा झाली, आणि शिवसेनेला थट्टेने वसंतसेना म्हटले गेले. 1972 मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्यासाठी होती, पण पुढे ती तोट्यात गेली आणि चुकाऱ्यासाठी शेतकरी ताटकळला. सर्वात बोचणारी गोष्ट अशी की विदर्भाचा माणूस अकरा वर्षे मुख्यमंत्री असूनही विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष उरलाच. 1984 मध्ये दांडेकर समितीने तो आकड्यांत मांडला. कोरडवाहू कापसावर उभ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात नंतर काय झाले, ते आपण प्रत्येकाने कोणा ना कोणाच्या घरी बघितले आहे. कृषिदिनाचा हार करताना हेही आठवावे लागते.

पद गेल्यावर 1977 मध्ये, काँग्रेसची देशभर पडझड होत असताना, ते वाशीममधून लोकसभेवर निवडून आले. 18 ऑगस्ट 1979 रोजी सिंगापूरमध्ये त्यांचे निधन झाले. पुतणे सुधाकरराव 1991 मध्ये मुख्यमंत्री झाले.

धरणे, विद्यापीठे, नवी शहरे, सगळे बाजूला ठेवले तरी वसंतरावांचे एक काम मला सर्वात मोठे वाटते. गावाचा निर्णय गावाजवळ व्हावा यासाठी त्यांनी सत्ता खाली सोडली, आणि तीही सत्तेत असताना. ती खाली टिकवणे मात्र कायद्याला एकट्याने जमत नाही. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली आणि नंतर कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही, प्रशासकांनी कारभार पाहिला. आपल्यापैकी किती जणांना ते जाणवले? मला नाही जाणवले, हे प्रामाणिकपणे कबूल करते. मी पुण्यात बसून मुलीच्या इंग्रजी शाळेची फी भरत होते, आणि इकडे आपल्या शाळेचा पट दरवर्षी उतरत होता. पट उतरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की पट आणखी उतरतो. हे चक्र थांबवायचे तर छप्पर पुरेसे नाही. दर 1 जुलैला आपल्यापैकी दहा जण तरी शाळेत आले, मुलांशी बोलले, पंचायत समितीत जाऊन रिकाम्या जागांबद्दल विचारून आले, तर फरक पडेल.

छपराच्या परवानगीचा कागद आला आहे, यवतमाळहूनच. छपराबरोबर दर्शनी पाटीही रंगवायची आहे. रंगाऱ्याला एवढेच सांगा की शाळेच्या नावाच्या वर जे दोन शब्द आहेत, जिल्हा परिषद, ते ठळक काढ. ते दोन शब्द गहुलीच्या एका मुलाने आपल्यासाठी मिळवलेले आहेत.