डॉ. वॉल्टर डँडी : एक धाडसी शल्यविशारद

ज्या व्याधीपुढे वैद्यकाने हात टेकले होते, तिच्याशी समोरासमोर झुंज देणाऱ्या एका शल्यविशारदाचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

डॉ. डँडी यांचा जन्म अमेरिकेतील मिसुरी राज्यात सिडेलिया या गावी ६ एप्रिल १८८६ रोजी झाला. मातापितरे सागरापलीकडून येऊन तेथे स्थायिक झालेली. वडील रेल्वेचे एंजिन चालवीत. १९१० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ते डॉक्टर झाले व पुढे आयुष्यभर तेथेच राबले. १९१८ साली मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांनी छायाचित्र घेण्याची युक्ती त्यांनी प्रसिद्ध केली. स्वभाव मात्र तापट; सहकाऱ्यांस तो जाचक वाटे.

मेंदूच्या तळाशी धमनीची भिंत एखादे जागी दुबळी होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबप्रमाणे तेथे फुगा धरतो. तो फुटला की पुष्कळदा प्राणावरच बेतते. पूर्वी यावर मानेतील मोठी धमनी बांधीत. परंतु त्यायोगे मेंदूचे रक्तच तुटून पक्षाघाताचे भय असे. २३ मार्च १९३७ रोजी, एक डोळा लुळा पडलेल्या ४३ वर्षांच्या रुग्णाची कवटी उघडून डँडी थेट फुग्याच्या मानेपर्यंत पोहोचले व तेथे त्यांनी चांदीची चिमटी बसविली. फुगा निकामी झाला, धमनी वाहती राहिली आणि रुग्ण बरा झाला! १९४४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. साठी नुकतीच पुरी झाली असता १९ एप्रिल १९४६ रोजी ते निवर्तले.

पुढे १९९० साली इटालियन वैद्य गुइदो गुलिएल्मी यांनी लॉस एंजलिस येथे निराळी वाट धरली. कवटी न उघडता, जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यावयाची व प्लॅटिनमच्या तारेच्या वेटोळ्यांनी फुगा आतून भरावयाचा. मार्ग पालटला, तत्त्व तेच : फुगा बंद, प्रवाह खुला. आज रुग्ण पाहून दोहोंपैकी योग्य तो उपाय योजतात. मुंबई-पुण्यातही ही सोय आहे.

परंतु रुग्ण वेळेवर पोहोचला तरच या विद्येचा उपयोग. म्हणून आमची कळकळीची विनंती अशी की, घरात कोणाचे डोके एकाएकी, पूर्वी कधी नव्हे इतके भयंकर दुखू लागले, वांती झाली, मान ताठरली, तर सुंठेचा लेप लावून सकाळची वाट पाहू नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा. डँडींच्या श्रमांचे चीज त्यातच आहे.